अण्णाभाऊंची झोपडी आणि आपले स्मारक

कलावंताचे घर जतन करायचे म्हणजे नेमके काय जतन करायचे? अलिबागजवळ सासवणे येथे शिल्पकार नानासाहेब करमरकरांचे घर आज संग्रहालय आहे. लोक जातात, शिल्पे पाहतात. हे चांगलेच झाले. पण त्या घराला पक्क्या भिंती होत्या. घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ साठे राहिले ते झोपडीत. 1959 साली प्रसिद्ध झालेली, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली 'फकिरा' लिहिणारा हा लेखक. त्याच्या संसाराला आणि लेखनाला छप्पर एकच होते.

मग जतन कशाचे करणार? झोपडीचा पत्रा गंजतो, बदलावा लागतो. हुबेहूब झोपडी उभारून काचेआड ठेवली, तर तो दारिद्र्याचा देखावा होईल. ज्या व्यवस्थेने एवढ्या मोठ्या लेखकाला झोपडीत ठेवले, तिला जाब विचारायचा राहूनच जाईल.

अण्णाभाऊंची खरी अभ्यासिका म्हणजे ही वस्ती. 'चिरागनगरची भुतं' या संग्रहाच्या नावातच ती आहे. 'स्मशानातील सोनं'मधला भीमा मुंबईच्या उपनगरातलाच. खाणीतले काम सुटले म्हणून तो मढी उकरून सोने शोधतो. खाण पुन्हा सुरू होते तेव्हा त्याची बोटे गेलेली असतात. काम आले, पण हात उरले नाहीत.

चिरागनगरात स्मारक आणि झोपडपट्टी पुनर्वसन एकत्र करण्याची योजना शासनाने मांडली आहे. भीती आहे ती इथेच. वास्तू उभी राहील आणि अण्णाभाऊंची माणसे तिथे नसतील, असे होता कामा नये. पहिली अट ही की रहिवाशांना घरे तिथेच मिळावीत. दुसरी अट, स्मारक वापरते असावे. 1944 साली अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभारणाऱ्या शाहिराच्या नावाने नुसता पुतळा काय कामाचा? तिथे तालमीची जागा हवी. अण्णाभाऊंची सगळी पुस्तके ठेवणारे ग्रंथालय हवे. कामावरून परतणाऱ्यांसाठी ते रात्री उघडे हवे, आणि प्रवेशाला पैसे नकोत.

अण्णाभाऊ 18 जुलै 1969 रोजी गेले. दर जयंतीला आपण हार घालतो. यापुढे हार घालताना एवढे विचारू या: या स्मारकाची किल्ली कोणाच्या हातात राहणार?