‘अपक्व मूत्रपिंड’ : एका संज्ञेची चिकित्सा

नवजात अर्भकाच्या औषधोपचाराविषयीच्या लेखनात ‘अपक्व मूत्रपिंड’ ही संज्ञा रूढ आहे. इंग्रजी विशेषणाचा प्रतिशब्द म्हणून ती निर्दोष दिसते. तथापि संज्ञेची खरी परीक्षा ती वाचकास कोणत्या अनुमानाकडे नेते यावरून करावयाची असते. ‘पक्व-अपक्व’ ही जोडी मराठीत मुख्यतः फळाची आणि अन्नाची. तीत एकच मोजपट्टी गृहीत आहे. मूत्रपिंड उणे, म्हणून औषधही तितकेच उणे, असे अनुमान तीतून सहज निघते.

या संज्ञेचे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे. अर्भक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ, या समजुतीची जबर किंमत बालकांनी मोजली आहे. १९५९ साली लॉस अँजेलिस येथील डॉक्टरांनी क्लोरॅम्फेनिकॉल दिलेल्या मुदतपूर्व अर्भकांच्या मृत्यूंची हकीगत प्रसिद्ध केली. यकृतात औषधाचे रूपांतर मंद आणि मूत्रपिंडातून उत्सर्जनही मंद. त्यामुळे ते रक्तात साचले व बालके राखी रंगाची होऊन दगावली. ‘अपक्व’ या शब्दाने अशा धोक्याची जाणीव दिली, हे खरेच.

परंतु पुढील विवेचनास तो अपुरा पडतो. मूत्रपिंडाची कार्ये एका गतीने वाढत नाहीत. जेंटामायसिन प्रामुख्याने गाळणीवाटे बाहेर पडते, तर पेनिसिलिन बहुतांशी नलिकांतील स्रवणाने. पूर्ण दिवसांच्या बालकाचा गाळणवेग पहिल्या दोन आठवड्यांत सुमारे दुप्पट होतो. नलिकांचे स्रवण त्यामागून येते. शिवाय येथे दोन कालगणना चालतात : गर्भवयाची आणि जन्मोत्तर वयाची. नवी मूत्रजनक एकके गर्भाच्या सुमारे ३६ व्या आठवड्यापर्यंत तयार होत असतात. म्हणून दहा दिवसांची दोन बालके या बाबतीत समवयस्क असतीलच असे नाही.

मात्रेचा प्रश्न तर ‘उणे’ या कल्पनेलाच छेद देतो. नवजाताच्या शरीरात वजनाच्या सुमारे ७५ टक्के पाणी असते. प्रौढात ते सुमारे ६० टक्के. जेंटामायसिन या पाण्यात पसरते. म्हणून त्याची मात्रा दर किलोस ४ ते ५ मिलिग्रॅम, म्हणजे मुळीच लहान नसते. वाढते ते दोन मात्रांतील अंतर. अतिमुदतपूर्व बालकात ते ३६ वा ४८ तासांपर्यंत जाते. ज्याने ‘अपक्व’ म्हणून मात्रा निम्मी केली, त्याने जंतुसंसर्ग बळावू दिला. ज्याने अंतर वाढविले नाही, त्याने श्रवणेंद्रिय व मूत्रपिंड धोक्यात घातले.

आणखी एक गोष्ट. आईच्या दुधावर वाढणाऱ्या निरोगी बालकास हेच मूत्रपिंड पुरते, कारण आहारातील नत्राचा मोठा भाग वाढीतच खर्ची पडतो. उणीव जाणवते ती बाहेरून औषध आल्यावर. तात्पर्य, ‘अपक्व’ हे सापेक्ष विशेषण आहे. कशाच्या अपेक्षेने, हे न सांगता ते वापरणे म्हणजे वाक्य अर्धे सोडणे होय. ‘गाळणवेग मंद, गर्भवय ३० आठवडे, जन्मोत्तर वय ४ दिवस’ असे लिहिण्यास चार शब्द अधिक लागतील; परंतु औषधाचा निर्णय त्या चार शब्दांवरच अवलंबून असतो.