उरलेल्याची मोजदाद

बहिणाबाई चौधरींच्या वैधव्यावरच्या कवितेत गेलेल्या नवऱ्याबद्दल फार थोडं आहे. बहुतेक सगळी कविता म्हणजे मागे काय उरलं याची मोजदाद. कुंकू पुसलं, पण गोंदण राहिलं. बांगड्या फुटल्या, पण मनगटातलं कर्तृत्व शाबूत आहे. डोळ्यांपुढे दोन मुलगे आहेत. हात बघायला आलेल्या जोतिष्याला तर ती दारात पाऊलही टाकू देत नाही. छंद ओवीचा, त्यामुळे एखादा शब्द लगेच पुन्हा येतो तो जात्याचा फेरा पूर्ण झाल्यासारखा. रडण्याला इथे लय आहे, कारण हात कामात आहेत. बहिणाबाई 1951 साली गेल्या आणि 1952 साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली.

दुःखाच्या मराठी कवितेतलं सौंदर्य मला याच मोजदादीत दिसतं. इंदिरा संतांचे पती ना. मा. संत 1946 साली वारले. पुढच्या ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’ या संग्रहांत मृत्यूचा थेट उच्चार अगदी कमी. पाऊस, संध्याकाळ, घरातल्या वस्तू तेवढ्या आहेत, पण त्यांच्याकडे सोबत पाहणारं माणूस नाही. ही कविता कुठेही आवाज चढवत नाही. ग्रेसांच्या बाबतीत मात्र मला शंका आहे. त्यांच्या प्रतिमा भुरळ पाडतात, पण पुष्कळदा दुःख कुणाचं आणि कशाचं हेच कळेनासं होतं. त्यांचे चाहते मला यासाठी माफ करणार नाहीत, हे ठाऊक आहे.

नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (1972) हा सगळा हिशेबच उलटवला. मुळातच काही मिळालं नाही, तर गमावणार काय आणि उरणार काय? उरते ती भाषा. कामाठीपुऱ्यातली शिवी, संतकवितेचा आर्त स्वर आणि जाहीरनाम्याचा आवेश त्यांच्या एकाच कवितेत एकमेकांवर आदळतात. ज्यांनी त्या कवितेला ओंगळ म्हटलं, त्यांनी तिची लय मोठ्याने वाचून पाहिली नसावी.

आज विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्यांवर भरपूर कविता लिहिली जाते. श्रीकांत देशमुखांच्या ‘बोलावे ते आम्ही’ला 2017 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणजे तिची दखल घेतली जात नाही असंही नाही. पण कविसंमेलनात ऐकू येणारी बरीचशी कविता फास, भेगाळलेलं रान आणि गप्प विठ्ठल यांच्यापलीकडे जात नाही. टाळी कुठे पडणार हे कवीला आधीच माहीत असतं. गेलेल्याची यादी वाढत जाते. दुसऱ्या दिवशी त्या घरात चूल कुणी पेटवली, सोसायटीचं कर्ज कुणाच्या नावावर चढलं, बैल विकले की ठेवले, हे कवितेत येतच नाही.

हे सांगू शकणारी बाई या कवितेत विषय म्हणून असते, कवी म्हणून क्वचितच. एके काळी तिच्याकडे जातं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी जमवलेल्या ओव्या लाखाच्या वर आहेत आणि त्यांत सासुरवास, दुष्काळ, मरण असं सगळं बायकांनी स्वतः गायलेलं आहे. गिरणी आली, पहाटेचं दळण सुटलं, हे बरंच झालं. तिचा मोकळा झालेला तो वेळ छापील कवितेत अजून फारसा उतरलेला नाही. व्यासपीठावर तिच्या वतीने बोलणारे मात्र वाढले आहेत.