उधळ्या कवी आणि हिशेबी गृहिणी

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक ख्रिस्ती घरांतून बहुधा धर्मांतराची कहाणी म्हणून वाचले जाते. 1895 साली नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा, 1900 साली लक्ष्मीबाईंचा, मधली पाच वर्षे ताटातुटीची. एवढा आराखडा अनेकांना पाठ असतो. हे दांपत्य आपल्या पंथातले नव्हे, अमेरिकन मराठी मिशनमधले. म्हणून आपल्याकडे ते थोडे दुरूनच वाचले गेले असावे. परंतु 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात आणखी एक कथा आहे आणि माझ्या मते तीच त्याचा प्राण आहे. हातात पैसा न ठरणारा पुरुष आणि उद्याच्या पिठाची चिंता वाहणारी स्त्री यांच्या प्रेमाची ती कथा.

टिळक उधळे होते, हे मान्य केलेच पाहिजे. त्यांची उधळण व्यसनाची नव्हती. मागेल त्याला देण्याची, कोणालाही घरी आणण्याची होती. अशा उधळेपणाचा पेच असा की त्याला नावे ठेवता येत नाहीत. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सिंधूसाठी प्रेक्षक डोळे पुसतात, पण दात्याच्या बायकोने तक्रार केली की तीच कृपण ठरते. हा पेच केवळ कवींच्या घरचा नाही. हिंगोली जिल्ह्यात शिरड शहापूरच्या परिसरात हळदीचे पैसे वर्षातून एकदा हाती येतात, आणि ते वर्षभर पुरवायचे कोणी, हा प्रश्न तिथल्या गृहिणीला कोणी समजावून सांगायला नको.

लक्ष्मीबाईंनी या पेचातून विनोदाची वाट काढली. पुस्तकभर त्या नवऱ्याला सरळ ‘टिळक’ म्हणतात, जणू शेजारच्या एखाद्या लहरी गृहस्थाविषयी बोलत आहेत. या अंतरामुळे माया आणि गाऱ्हाणे एकाच वाक्यात सुखाने नांदतात. काही वाचक या विनोदाला सोशिकपणा म्हणतात. मला ते पटत नाही. त्या हसतात, पण विसरत नाहीत. किती गेले, कोणाला गेले, चूल कशी पेटली, हे सारे त्यांच्या ध्यानात असते. गंमत अशी की ही लेखणी त्यांना दिली ती टिळकांनीच. लग्नानंतर पत्नीला लिहावाचायला त्यांनी शिकविले. उधळ्याने केलेली ही एक गुंतवणूक मात्र भलतीच फळाला आली!

योहानाच्या शुभवर्तमानात तीनशे दिनारांचे सुगंधी तेल प्रभूच्या चरणांवर ओतणारी मरिया आहे, आणि पाच हजारांच्या भोजनानंतर उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून गोळा करण्याची आज्ञाही आहे. टिळकांना पहिला प्रसंग मानवला असता, लक्ष्मीबाईंना दुसरा. मरियेला नावे ठेवणाऱ्या यहूदाच्या पंक्तीला मात्र त्यांना बसवता येणार नाही, कारण त्यांच्या काटकसरीत स्वतःसाठी बाजूला काढलेले काही दिसत नाही.

पुस्तकात एक उणीव आहे. हिशेब लिहिणारी व्यक्ती एकच असल्याने उधळणाऱ्याची बाजू आपल्याला तिच्याच तोंडून ऐकावी लागते. 1917 साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडून संन्यस्त वृत्ती पत्करली. त्यांच्या दृष्टीने ती मुक्ती होती. घराच्या दृष्टीने काय होती, हे लक्ष्मीबाई दाखवतात. या दोन दृष्टींची खरी झुंज व्हायला हवी होती. ती पुरती होत नाही, कारण लिहिणारीचे प्रेम मध्ये येते.

1919 साली टिळक वारले. ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे जेमतेम दहा-अकरा अध्याय त्यांनी मागे ठेवले होते. लक्ष्मीबाई त्यानंतर सतरा वर्षे जगल्या आणि त्या काळात त्यांनी त्यात साठाहून अधिक अध्यायांची भर घातली. नव्या वाचकाने मात्र आरंभ तिथून करू नये. बालकवी ठोंबरे टिळकांच्या घरी राहायला आले, ती प्रकरणे आधी वाचावीत. परक्या पोराला घरात आणणारा एक आणि त्याच्या पानात वाढणारी दुसरी, दोघेही तिथे एकत्र भेटतात.