बारा बार आणि मधला वेळ

दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे माझ्या हातात कधी शस्त्र आलेलं नाही. तरी ‘एल प्रेसिडेंटे’ नावाच्या पिस्तूल-सरावाच्या चित्रफिती मी इतक्यांदा पाहिल्या आहेत की घरातल्यांनी आता कारण विचारणं सोडून दिलंय. अख्खा खेळ पाच-सहा सेकंदांचा. चहाचा घोट घेईस्तोवर संपतो. पण एखादी छोटी बंदिश जशी दर वेळी नवी जागा दाखवते, तसं या ड्रिलचं आहे.

मांडणी अगदी साधी. पुठ्ठ्याची तीन लक्ष्यं, एकमेकांपासून साधारण एक यार्डावर, आणि नेमबाज त्यांच्यापासून 10 यार्डांवर, म्हणजे जेमतेम 9 मीटरवर. तो लक्ष्यांकडे पाठ करून उभा असतो. दोन्ही हात वर, शरण आल्यासारखे. टायमर वाजला की वळायचं, होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं, प्रत्येक लक्ष्यावर दोन गोळ्या झाडायच्या, मॅगझिन बदलायचं आणि पुन्हा प्रत्येकावर दोन. एकूण 12. हा सराव रचला जेफ कूपर या अमेरिकी मरीन अधिकाऱ्याने, 1970च्या दशकात. लॅटिन अमेरिकेतल्या एका राष्ट्राध्यक्षाच्या अंगरक्षकांना शिकवण्यावरून हे नाव पडलं, असं ते सांगत. 1976 साली प्रात्यक्षिक नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष कूपरच होते. अचूकता, शक्ती आणि वेग हे तिचं त्रिसूत्र. ते इतक्या आटोपशीरपणे दुसऱ्या कुठल्या सरावात उतरलेलं मला तरी दिसलेलं नाही.

आता पहिला सेकंद पाहा. खो-खोत ‘खो’ कानावर पडताच पाटीवरचा खेळाडू जसा उसळतो, तसा टायमर ऐकून नेमबाज हलतो. पण आधी वळते ती मान. नजर लक्ष्यावर पोचते, कंबर आणि पाय तिच्या मागून येतात. पिस्तुलाला मात्र अंग पूर्ण वळेपर्यंत होल्स्टरमध्येच थांबावं लागतं. घाईत ते आधी निघालं आणि नळीचं तोंड भलतीकडे फिरलं, तर पंच स्पर्धकाला तिथेच बाद करतात. म्हणजे या रचनेची सुरुवातच एका सक्तीच्या संयमाने होते. कच्चा नेमबाज इथे दोन तुकडे करतो, आधी वळणं आणि मग काढणं. पक्क्याच्या बाबतीत हा सांधा शोधावा लागतो.

पुढचे सहा बार मी डोळे मिटून ऐकतो. नवख्याचे बार ‘टक-टक... टक-टक... टक-टक’ असे येतात. दोन गोळ्या, मग नवं लक्ष्य शोधायला लागलेला वेळ, मग पुन्हा दोन. कसलेल्या हाताचे सहाही बार जवळजवळ सारख्या अंतराने येतात. लक्ष्य नेमकं कधी बदललं, हे कानाला कळत नाही. त्याचं कारण डोळ्यांत आहे. दुसरी गोळी सुटते न सुटते तोच नजर पुढच्या पुठ्ठ्याच्या मधोमध जाऊन बसलेली असते आणि पिस्तूल नजरेच्या मागोमाग तिथे पोचतं. जो पिस्तूल हलवून मग बघतो, तो लक्ष्य ओलांडून पुढे जातो आणि परत मागे येतो.

आणि मग शांतता. माझ्या मते अख्ख्या रचनेची सम इथे आहे. सहावा बार झाला की अंगठा बटण दाबतो आणि जुनं मॅगझिन स्वतःच्या वजनाने खाली पडतं. दुसरा हात तोवर कमरेच्या पट्ट्याकडे गेलेला असतो. नव्या मॅगझिनच्या पुढच्या कडेवर तर्जनी टेकवलेली असते, कारण अंधारात बोट दाखवावं तितक्या खात्रीने ते मुठीतल्या खाचेत जायला हवं. पिस्तूल चेहऱ्यासमोरून खाली उतरत नाही. फक्त कोपर अंगाशी येतं आणि नजर क्षणभर त्या खाचेवर जाते. ट्रिगरवरचं बोट बाहेर, हा नियम. आत राहिलं तर इथेही बाद. पुष्कळ जण सहाव्या गोळीनंतर त्याच तिसऱ्या लक्ष्यापासून परतीची वाट धरतात, कारण पिस्तूल तिकडेच रोखलेलं असतं आणि लक्ष्य बदलायची एक फेरी वाचते.

जरा हिशेब मांडू. समजा, वळून पहिला बार काढायला 1.6 सेकंद लागले, मॅगझिन बदलायला 1.4. एकाच लक्ष्यावरच्या जोडगोळ्यांमधलं अंतर 0.2 सेकंद, अशा सहा जोड्या म्हणजे 1.2. लक्ष्य बदलण्याच्या चार वेळा, प्रत्येकी 0.3, म्हणजे आणखी 1.2. एकूण 5.4. यातले 3 सेकंद, निम्म्याहून जास्त, पिस्तूल गप्प आहे! नेमबाजीच्या नावाने चाललेल्या या प्रकारात खरी परीक्षा नेम सोडून इतर गोष्टींची आहे, हा कूपर यांचा खट्याळपणा मला फार आवडतो.

गुणांकनही असंच कावेबाज. मधल्या, साधारण 15 सेंमी रुंद पट्ट्यात गोळी लागली तर 5 गुण. त्याच्याबाहेर 3, आणखी कडेला 1. दमदार काडतूस वापरणाऱ्याला बाहेरच्या भागांत एकेक गुण जास्त मिळतो. त्रिसूत्रातली ‘शक्ती’ हिशेबात येते ती अशी. पूर्ण गुण 60, आणि त्यांना वेळेने भागायचं. 6 सेकंदांत 60 गुण मिळवणाऱ्याचा भागाकार 10. त्याची एक गोळी 5वरून 3वर घसरली, तर ती चूक भरून काढायला त्याला 0.2 सेकंद लवकर संपवावं लागेल. कूपर यांच्या काळी 10 सेकंद ही भल्या नेमबाजाची कसोटी होती. आज अव्वल खेळाडू 5 सेकंदांच्या आत उरकतात.

दोष? आहेत. पाय जागचे हलत नाहीत, लक्ष्यंही हलत नाहीत. खऱ्या स्पर्धेत धावावं लागतं, आडोशामागून मारावं लागतं. शिवाय अमेरिकेत खेळाडूंची प्रतवारी ठरवायला ही रचनाही वापरतात, त्यामुळे ‘अपेक्षित’ प्रश्नसंच घोकून पेपर लिहिणाऱ्यांसारखे काही जण फक्त एवढंच घोटत बसतात. त्यांची प्रत वाढते, खेळ तिथेच राहतो. बिल विल्सन यांचा ‘बिल ड्रिल’ याहून प्रामाणिक वाटतो: 7 यार्डांवर एकच लक्ष्य, सहा गोळ्या, लपायला जागा नाही. पण तो एका स्वरावरचा रियाज झाला. त्यात ती मधली शांतता नाही.

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. त्या प्रकाराच्या जलद भागात हात खाली असतो, 3 सेकंदांत तो उचलून एक गोळी मारायची, मग 7 सेकंद विश्रांती. तिथे मधला वेळ नियमपुस्तक देतं. इथे तो नेमबाजाने स्वतःच कातरून काढायचा. सराव मात्र दोन्हीकडे बव्हंशी गोळीविनाच चालतो. रिकामं पिस्तूल, खोलीत एकही काडतूस नाही, समोर सुरक्षित भिंत आणि तेच हात हजार वेळा. गप्प असलेले 3 सेकंद गप्प खोलीतच शिकता येतात, आणि तेही फुकट.

तुम्हाला चित्रफीत सापडली तर पहिल्यांदा बघू नका, फक्त ऐका. सहा बार मोजा, मग सातव्याची वाट बघा.