जीभ कोणत्या 'साइड'ला वळते?

उलटी थांबवणाऱ्या मेटोक्लोप्रमाइडच्या माहितीपत्रकात एक शब्दप्रयोग असतो : 'एक्स्ट्रापिरॅमिडल सिम्प्टम्स'. आमची तक्रार या शब्दप्रयोगाबद्दल आहे. तो चुकीचा नाही, पण ज्याला कळायला हवे त्याला त्यातून काहीच कळत नाही.

प्रत्यक्षात काय होते? जीभ आपोआप बाहेर येते किंवा एका बाजूला ओढली जाते, जबडा आवळतो, मान वाकडी होते, डोळे वर जाऊन तिथेच अडकतात. रोगी पूर्ण शुद्धीवर असतो, पण त्याला बोलता येत नाही. नेहमीच्या मात्रेत साधारण ५०० प्रौढांमागे एकाला असे होते, तेही बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत. मुले आणि तरुण यांच्यात प्रमाण अधिक. घरच्यांना हे फेफरे वाटते, धनुर्वात वाटतो, कधी 'अंगात आले' असेही वाटते. सकाळच्या गोळीची आठवण कोणाला होत नाही. वास्तविक अॅसिटिलकोलिनला रोखणारे इंजेक्शन दिले की बहुतेक वेळा काही मिनिटांत जीभ मोकळी होते. 'जीभ किंवा मान वाकडी झाल्यास गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा,' एवढे छापायला कितीशी शाई लागली असती?

दुसरी तक्रार 'साइड इफेक्ट' या शब्दाबद्दल. पाठ्यपुस्तकी पद्धतीने आपण परिणाम एका रकान्यात आणि दुष्परिणाम दुसऱ्या रकान्यात लिहितो. औषधाला हे रकाने ठाऊक नसतात. मेंदूच्या मागच्या, खालच्या भागात रक्तातील विषारी द्रव्यांची चाहूल घेणारी एक जागा आहे. तिथले डोपामिनचे ग्राही हे औषध अडवते, म्हणून मळमळ थांबते. तसलेच ग्राही मेंदूत खोलवर, हालचालींचा ताळमेळ राखणाऱ्या केंद्रांतही आहेत. तिथे डोपामिन अडले की अॅसिटिलकोलिनचे पारडे जड होते आणि जीभ वळते. क्रिया एकच, जागा दोन.

डोम्पेरिडोनशी तुलना केली की वर्गात हे चांगले उलगडते. तेही डोपामिनचेच ग्राही अडवते, पण रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ते फारसे ओलांडत नाही. उलटीची ती जागा अडसराच्या बाहेर आहे. त्यामुळे उलटी थांबते आणि जिभेला त्रास क्वचितच होतो. (हृदयाच्या ठोक्यांबाबतची त्याची खोड वेगळी.)

मेटोक्लोप्रमाइड महिनोन्‌महिने घेणाऱ्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. त्यांच्यात जिभेची वळवळ, चघळल्यासारखी हालचाल सुरू होऊ शकते आणि औषध बंद केल्यावरही ती कायम राहू शकते. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये चौकटीतला इशारा सक्तीचा केला : १२ आठवड्यांपेक्षा जास्त काळ देणे टाळा. युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये मर्यादा पाच दिवसांवर आणली.

आपल्याकडे पत्रक असलेच तर अनेकदा बारीक इंग्रजी अक्षरांत असते. दुकानातून दोनच गोळ्या कापून घेणाऱ्याच्या हाती तर तेही येत नाही.