कलौंजी आणि कर्करोग : एका दाव्याची तपासणी

कलौंजीच्या बियांत थायमोक्विनोन नावाचे संयुग असते आणि प्रयोगशाळेत ते कर्करोगाच्या पेशी मारते, हे विधान खरे आहे. त्यावरून 'कलौंजीने कर्करोग बरा होतो' असे जे लिहिले व सांगितले जाते, ते खरे नाही. पहिल्या विधानापासून दुसऱ्यापर्यंत जाताना कोणत्या पायऱ्या गाळल्या जातात, ते येथे पाहू. विद्यार्थी किंवा पालक हा प्रश्न विचारतील तेव्हा शिक्षकांना उत्तर देता यावे, हा आमचा हेतू आहे.

प्रथम वनस्पतीविषयी. कलौंजी म्हणजे नायजेला सटायव्हा. नानवर पेरलेले काळे, कोनदार बी ते हेच. त्याला कोणी काळे जिरे म्हणतात, तर कोणी कांद्याचे बी; परंतु जिरे, शहाजिरे, कडूजिरे आणि कांदा या साऱ्या निराळ्या वनस्पती आहेत. कलौंजी मोरवेलीच्या कुलातली. विषारी बचनागही त्याच कुलातला, हे 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' असे मानणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. थायमोक्विनोन हा ओव्याला वास देणाऱ्या थायमॉलचा जवळचा नातेवाईक. त्याचे सूत्र C₁₀H₁₂O₂ आणि रेणूभार १६४.

आता प्रयोगांकडे वळू. काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोग पेशींवर थायमोक्विनोन टाकले की त्यांची वाढ थांबते व त्या मरतात. स्तन, आतडे, रक्त अशा अनेक प्रकारच्या कर्करोग पेशींवर हे दिसले आहे. उंदरांतील काही प्रयोगांत गाठींची वाढही मंदावली. परंतु बशीतील पेशी मारणे अवघड नाही. त्या मिठाने मरतात, साबणानेही मरतात. खरी परीक्षा निरोगी पेशी वाचवून रोगी पेशी मारण्याची, आणि तीही शरीरात.

येथे क्विनोन या वर्गाचा स्वभाव आड येतो. क्विनोन रेणू प्रथिनांमधील गंधकयुक्त गटांना सहज चिकटतात, शिवाय पेशीत ऑक्सिजनचे क्रियाशील प्रकार निर्माण करतात. त्यामुळे एखाद्या प्रथिनाशी नेमके नाते नसतानाही निरनिराळ्या चाचण्यांत ते प्रभावी दिसतात. २०१० मध्ये जोनाथन बेल व जॉर्जिना हॉलोवे या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अशा फसव्या रासायनिक गटांची यादी प्रसिद्ध केली; तीत क्विनोन आहेत. एकच पदार्थ डझनभर रोगांवर व डझनभर प्रथिनांवर काम करतो असे वाचले की आपल्याला कौतुक वाटते. रसायनशास्त्रज्ञाला मात्र तेथे शंका यायला हवी. आमच्या मते याबाबत वृत्तपत्रांइतकाच दोष संशोधकांचाही आहे. नवी पेशी-जात घेऊन तोच प्रयोग पुन्हा करणे सोपे असते. त्याने निबंधांची संख्या वाढते, पण औषधाकडे पाऊल पडत नाही.

दुसरा प्रश्न मात्रेचा. बशीतील प्रयोगांत लिटरमागे काही मिलिग्रॅम थायमोक्विनोन पेशींना थेट मिळते. शरीरात आधी पचनसंस्था व यकृत यांतून पार व्हावे लागते, आणि रक्तात पोचलेला बहुतेक भाग प्रथिनांना चिकटून बसतो. बियांतून किती मिळेल, याचा हिशेब वर्गातही करता येईल. समजा, बियांत एक टक्का उडनशील तेल आहे आणि त्यात ४० टक्के थायमोक्विनोन आहे. म्हणजे एक ग्रॅम बियांत चार मिलिग्रॅम.

आता २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली सौदी अरेबियातील चाचणी पाहा. प्रगत कर्करोगाच्या २१ रुग्णांना थायमोक्विनोन तोंडावाटे दिले गेले. मात्रा रोज ७५ मिलिग्रॅमपासून २६०० मिलिग्रॅमपर्यंत. आपल्या हिशेबाने २६०० मिलिग्रॅम म्हणजे ६५० ग्रॅम बिया. ही मात्रा रुग्णांना सोसली, पण कर्करोगावर परिणाम दिसला नाही. चाचणी लहान होती आणि तिचा मुख्य उद्देश सुरक्षितता तपासण्याचा होता, म्हणून तिने हा विषय कायमचा संपवला असे आम्ही म्हणणार नाही. परंतु चिमूटभर बियांनी गाठ विरघळते असे सांगणाऱ्याने या आकड्याला उत्तर दिले पाहिजे.

वनस्पतींपासून कर्करोगाचे औषध मिळतच नाही, असे नाही. अंगणातील सदाफुलीपासून मिळालेले व्हिन्क्रिस्टीन १९६३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही वापरतात. पण ते सदाफुलीची पाने चघळून मिळत नाही. पानांतून रेणू वेगळा केला गेला, पेशीविभाजनात तो नेमका कोठे अडथळा आणतो ते शोधले गेले, मात्रा ठरली, दुष्परिणाम नोंदले गेले. ते शिरेतूनच दिले जाते आणि एका वेळची मात्रा सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर जात नाही. थायमोक्विनोनने हा प्रवास पूर्ण केलेला नाही.

म्हणून असा कोणताही दावा समोर आला की विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारायला शिकवावे. प्रयोग बशीत झाला, प्राण्यांवर की माणसांवर? मात्रा किती, आणि ती खाण्यातून मिळू शकते का? तुलनेसाठी दुसरा गट होता का? आणि मोजले काय : पेशींची संख्या, की रुग्णाचे आयुष्य?

हे प्रश्न केवळ बौद्धिक नाहीत. २०१८ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात, बरा होण्याजोगा कर्करोग असूनही प्रस्थापित उपचार सोडून केवळ पर्यायी उपचार निवडणाऱ्या २८१ रुग्णांची तुलना नेहमीचे उपचार घेणाऱ्यांशी केली गेली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट आढळला. कलौंजी भाकरीवर, नानवर, लोणच्यात खुशाल खावी. स्वयंपाकातल्या प्रमाणाविषयी आमची तक्रार नाही. पण गाठ आढळलेल्या माणसाने बियांच्या भरवशावर दोन महिने घालवले, तर त्या दोन महिन्यांत गाठ वाढत राहते. घरातल्या कोणी असा बेत केला, तर त्याला आधी डॉक्टरांकडे जायला सांगण्याइतके ज्ञान आपल्या विद्यार्थ्याजवळ असावे.