फुगा किती फुगवायचा?

बरणी, फुगे आणि रबरी पडदा यांची श्वसनाची प्रतिकृती आपण सगळेच वर्गात दाखवतो. पडदा खाली ओढला की बरणीतला दाब कमी होतो आणि फुगे फुगतात. व्हेंटिलेटरचे काम उलटे असते. तो दाब देऊन हवा आत ढकलतो. मग ढकलायची किती? या प्रश्नावरचा एक गाजलेला शोधनिबंध २००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो आणि अपुराही.

फुप्फुसांना तीव्र इजा झालेल्या ८६१ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटाला दर श्वासाला किलोमागे १२ मिलिलिटर हवा, दुसऱ्याला ६. वजन मात्र काट्यावरचे नव्हे, उंचीवरून काढलेले. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठे होत नाही! पहिल्या गटात सुमारे ४० टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यात ३१ टक्के.

गंमत अशी, की सुरुवातीला रक्तातील प्राणवायू जास्त हवेच्या गटातच चांगला होता. नुसता तो आकडा पाहणाऱ्याने चुकीची पद्धत निवडली असती. आजारी फुप्फुसात बरेच वायुकोश पाण्याने भरलेले असतात. सगळी हवा उरलेल्या थोड्यांत शिरते आणि ते ताणून इजा पावतात. संशोधकांनी प्राणवायू न मोजता जगलेली माणसे मोजली, हे या कामाचे मोठेपण.

आता आक्षेप. दोन गटांत हवेचे प्रमाण वेगळे होते, तशीच दाबाची मर्यादाही वेगळी होती: पाण्याच्या ५० सेंटिमीटर उंचीइतकी आणि ३०. मग वाचवले कोणी? उंदरांवरच्या १९८८ च्या फ्रेंच प्रयोगात छाती बांधून ठेवल्यावर तेवढ्याच दाबाने इजा टळली होती; म्हणजे खरा दोषी ताण. शिवाय ६ आणि १२ यांच्या मधले आकडे तपासलेच नाहीत. त्यामुळे १२ घातक एवढे कळले. ६ च सर्वोत्तम, हे सिद्ध झाले नाही.

वर्गात एका नळीला दोन फुगे जोडा. एकाचे तोंड चिमटीत धरून पंपाचे तेवढेच दट्टे मारा, आणि दुसऱ्याचे काय होते ते मुलांनाच सांगू द्या.